किल्ली कोणाच्या कनवटीला

नवी मुंबईत ज्याने एकदा घर घेतले आहे, त्याला मालकी आणि ताबा या दोन शब्दांतील अंतर कायद्याचे पुस्तक न उघडताही उमगलेले असते. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या परिसरात हे शहर वसवले, आणि वसवताना जमीन कायमची विकून न टाकता ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. त्यामुळे वाशीत किंवा नेरूळला आयुष्याची पुंजी घालून सदनिका घेणारा गृहस्थ दस्त नोंदवून, मुद्रांक शुल्क भरून, कुलपाची किल्ली कनवटीला लावून सुखाने राहू लागला, तरी तेच घर दुसऱ्याच्या नावे करण्याची वेळ आली की त्याला ना हरकत दाखल्यासाठी अर्ज करावा लागत आला आहे आणि हस्तांतरणाचे शुल्क भरावे लागत आले आहे. नियोजित शहर उभारणाऱ्या संस्थेपाशी या व्यवस्थेची काही कारणे आहेत, आणि त्यांची चिकित्सा करण्याचे हे स्थळ नव्हे. मला ती आठवली एवढ्यासाठी की, पूर्ण किंमत चुकती करूनही वस्तूवरचा अखेरचा अधिकार आपला नसणे म्हणजे काय, हे या शहरातील माणसाला निराळे समजावून सांगावे लागत नाही. आणि तरीही आपल्या खिशातल्या फोनच्या बाबतीत तोच माणूस हा प्रश्न सहसा विचारीत नाही.

फोनच्या आत जी मूळ प्रणाली चालते, जिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, तिची नवी आवृत्ती निघणे ही आता वर्षाच्या सणाइतकी नियमित घटना झाली आहे. पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली म्हणून पहिल्या आवृत्तीची घरातली प्रत वाचता येईनाशी होत नाही. प्रकाशक येऊन तिची पाने शिवून टाकीत नाही. फोनच्या आवृत्तीचे तसे नाही. ती आली तर त्याच यंत्रात जुनीच्या जागी येऊन बसते, आणि आली नाही तर जुनी हळूहळू निकामी होत जाते, कारण तिच्यातील सुरक्षेची भगदाडे बुजवली जात नाहीत, आणि भोवतालची संकेतस्थळे व ॲप नव्या रीतीने बोलू लागतात, जी रीत तिला कळत नाही. म्हणून नवी आवृत्ती काढण्याचा अधिकार कोणाचा आणि ती आपल्या यंत्रावर चढवण्याचा अधिकार कोणाचा, हे दोन प्रश्न वेगळे ठेवून पाहिले पाहिजेत. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीने पहिल्या प्रश्नाचे उत्तर मोठ्या निष्ठेने दिले. दुसऱ्याचे उत्तर मिळाल्यावाचून पहिल्याचे मोल कागदावरच राहते, असे माझे मत आहे, आणि त्याला आधार देणारे उदाहरण याच शहरात घडलेले आहे.

ही चळवळ कोठून निघाली ते थोडक्यात सांगतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, १९८९ मध्ये जनरल पब्लिक लायसन्स या परवान्याची पहिली आवृत्ती आली, १९९१ मध्ये दुसरी. आणि त्याच वर्षी लिनस टॉरवाल्ड्स यांनी आरंभलेल्या लिनक्स या गाभ्याने पुढे ही दुसरी आवृत्ती स्वीकारली. आज्ञावली वापरावी, तिचा अभ्यास करावा, ती शेजाऱ्याला द्यावी, आणि तिच्यात बदल करून बदललेली प्रतही वाटावी, अशा चार मोकळिकी यात गृहीत आहेत. ‘मुक्त’ या शब्दाचा अर्थ आपल्याकडे ‘फुकट’ असा लावला जातो, त्याने या विचाराचे पुष्कळ नुकसान झाले आहे. येथे किमतीचा प्रश्न नाही, अधिकाराचा आहे.

फोनच्या जगात अशा मुक्त प्रणालीची आवृत्ती प्रत्यक्ष कशी निघते, हे पाहण्यासारखे आहे. अँड्रॉइडची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, गूगल प्रसिद्ध करते. तिच्यावर २००९ मध्ये स्टीव्ह कोंडिक यांनी सायनोजेनमॉड नावाची स्वतंत्र प्रणाली रचायला सुरुवात केली, आणि तिच्या आधाराने उभी राहिलेली कंपनी डिसेंबर २०१६ मध्ये आपल्या सेवा बंद करून बसली, तेव्हा स्वयंसेवकांनी तीच संहिता उचलून लिनिएजओएस या नावाने काम पुढे चालू ठेवले. कंपनीने हात काढून घेतला तरी काम बुडाले नाही, याचे कारण केवळ परवाना. येथे प्रत्येक फोनला एखादा पालक असतो. हा मनुष्य बहुधा दुसरी नोकरी करून रात्री बसणारा असतो. नवी संहिता आली की तो ती आपल्या फोनच्या गाभ्याशी जुळवतो, तासन्‌तास चालणारी बांधणी करतो, मग फोन लागतो का, कॅमेरा उघडतो का, वाय-फाय टिकते का, हे एकेक तपासतो. ठरलेल्या अटी पुऱ्या झाल्या तरच त्या फोनचे नाव अधिकृत यादीत चढते, आणि पालक थकून निघून गेला व दुसरा आला नाही तर नाव यादीतून उतरते. बदलांची यादी उघड असते आणि उणिवांचीही. मालाबरोबर आपल्या मालातील उणिवा लिहून देणारा व्यापारी आपण कितीदा पाहतो? या एका प्रथेसाठीच मला ही मंडळी आदरणीय वाटतात.

आता याच शहरात घडलेल्या त्या उदाहरणाकडे, घणसोलीकडे वळू. ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना रिलायन्सचे जे विस्तीर्ण आवार लागते, तेथून जिओ या तिच्या दूरसंचार कंपनीचा कारभार चालतो. २१ जुलै २०१७ रोजी मुंबईत भरलेल्या रिलायन्सच्या वार्षिक सभेत मुकेश अंबानी यांनी जिओफोनची घोषणा केली: १,५०० रुपयांची परत मिळणारी अनामत, बटणांचा छोटासा फोन, ५१२ एमबी स्मृती, ४जी जाळ्यावरचे बोलणे आणि भारतीय भाषांची सोय. या फोनच्या पोटात कायओएस नावाची प्रणाली होती, आणि कायओएसचा पिंड फायरफॉक्स ओएसचा होता. फायरफॉक्स ओएस ही फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने २०११ मध्ये हाती घेतलेली मुक्त प्रणाली; लिनक्सचा गाभा, त्यावर गेको हे फायरफॉक्सचेच इंजिन, आणि वरचा सारा दर्शनी भाग वेबच्या भाषेत लिहिलेला. गरिबाच्या हाती मुक्त फोन द्यावा, हाही तिचा एक हेतू. ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्स कंपनीने क्लाउड एफएक्स नावाचा तसा फोन भारतात १,९९९ रुपयांना आणला. पण तो चालला नाही, आणि डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने स्मार्टफोनच्या क्षेत्रातून माघार घेतल्याचे जाहीर केले. संहिता मात्र उघड्यावर होती. ती दुसऱ्यांनी उचलली, तिच्यापासून कायओएस घडवली, आणि आदर्शवाद्यांना जे साधले नव्हते ते घणसोलीच्या व्यापाराने साधले: कंपनीच्याच सांगण्यानुसार जिओफोन १० कोटींवर माणसांच्या हाती गेला.

या यशाचे मूल्य मी कमी लेखीत नाही. तुर्भ्याच्या बाजार समितीत कांद्याच्या गोणी पाठीवर वाहणारे माथाडी, ज्यांच्या घरची माणसे साताऱ्या-सांगलीकडच्या गावांत आहेत, ते दुपारच्या विसाव्यात गोण्यांना टेकून त्या एवढ्याशा पडद्यावर नातवंडाचे तोंड पाहताना मी पाहिले आहेत, आणि ते दृश्य ज्याने पाहिले आहे त्याला तंत्रज्ञानाच्या लाभाविषयी प्रवचन ऐकवण्याची गरज नाही. परंतु त्या हातांत मुक्त सॉफ्टवेअर पोहोचले, मोकळीक पोहोचली नाही. तो फोन जिओच्याच सिमवर चालायचा; प्रणालीतील फेरबदल कंपनी पाठवील तेव्हा आणि तेवढेच यायचे; स्वतःच्या पसंतीची दुसरी प्रणाली त्यावर चढवण्याचा राजमार्ग ग्राहकाला दिलेला नव्हता. जिओफोनमधील कायओएस २.५ ज्या गेको ४८ वर उभी होती, ते इंजिन २०१६ सालचे. पुढे कायओएसची ३.० ही आवृत्ती निघाली, तिच्यात गेको ८४ आले, मधल्या सगळ्या वर्षांची दुरुस्ती एका दमात आली. जिओफोन मात्र २.५ वरच राहिला. नवी आवृत्ती जगात प्रसिद्ध झाली होती, आणि नवी मुंबईतून देशभर गेलेल्या कोट्यवधी फोनांच्या दृष्टीने ती निघालीच नव्हती. जून २०२४ मध्ये कायओएसवर नव्याने व्हॉट्सॲप उतरवून घेण्याची सोयही संपली. व्हॉट्सॲप हे काही मुक्त सॉफ्टवेअर नव्हे, त्याच्या मालकांनी काय करावे हा त्यांचा प्रश्न. पण फोन मोकळा असता, तर त्याचे आयुष्य एका कंपनीच्या मर्जीवर आणि दुसऱ्या कंपनीच्या ॲपवर इतके टांगलेले राहिले नसते.

कायद्याच्या दृष्टीने यात कोणी परवान्याचा भंग केला, असे मी म्हणत नाही. उणीव परवान्यातच आहे. लिनक्सचा परवाना असे सांगतो की गाभा वाटणाऱ्याने त्याची संहिताही द्यावी; त्या संहितेत बदल करून ती त्याच यंत्रावर चालवण्यासाठी जी किल्ली लागते, ती द्यावी असे तो सांगत नाही. अमेरिकेत टीव्हीचे कार्यक्रम चित्रमुद्रित करणाऱ्या टिव्हो नावाच्या यंत्राने हीच फट वापरली: संहिता दिली, पण बदललेली संहिता यंत्र स्वीकारीना. ती फट बुजवण्यासाठी २९ जून २००७ रोजी प्रसिद्ध झालेल्या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीत, घरगुती वापराच्या यंत्राबरोबर बदललेली आज्ञावली बसवण्यासाठी लागणारी माहितीही दिली पाहिजे, असे कलम घातले गेले. टॉरवाल्ड्स यांनी लिनक्ससाठी तो परवाना घेतला नाही. मी माझी संहिता दिली, तिच्यातील सुधारणा मला परत मिळाव्यात. यंत्र कसे बांधावे हा यंत्र बांधणाऱ्याचा प्रश्न, असा त्यांच्या भूमिकेचा आशय. ज्या माणसाने आपले श्रम जगाला असे खुले केले, त्याच्याशी मतभेद नोंदवताना संकोच वाटतो. तरीही मला ही भूमिका अपुरी वाटते, कारण ती संहिता लिहिणाऱ्यांच्या परस्पर देवघेवीचा विचार करते आणि संहिता ज्याच्या खिशात चालते त्याला विसरते. प्रोग्रामरला सुधारणा परत मिळाल्या, कंपनीला प्रणाली मिळाली. ज्याने अनामत भरली त्या माथाड्याला सातबाऱ्याचा उतारा मिळाला आणि जमिनीत पाऊल टाकण्याची मनाई मिळाली.

यावर एक आक्षेप येतो, तो गंभीर आहे, आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. फोनला कुलूप हवे, नाहीतर कोणीही भामटा खोटी प्रणाली घालून बँकेतील पैसे लंपास करील. सामान्य माणसाला बनावट आवृत्ती आणि खरी आवृत्ती ओळखता येत नाही. जिओफोनच्या घोषणेआधी महिनाही झाला नव्हता, तेव्हा, २७ जून २०१७ रोजी, नॉटपेट्या नावाचा संगणकीय उत्पात जगभर पसरला आणि त्यात न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराचे मर्स्क समूहाकडून चालवले जाणारे टर्मिनलही सापडले. तेथील कामकाज विस्कळीत झाले. त्या उत्पाताने ज्या भगदाडाचा उपयोग केला, त्यावरचा इलाज मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच प्रसिद्ध केला होता, पण जगातील असंख्य यंत्रांवर तो चढवलेला नव्हता. आणि त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, हा उत्पात पहिल्याने शिरला तोच युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या ‘नव्या आवृत्ती’च्या वेषात. म्हणजे आवृत्ती न घेणारेही बुडाले आणि विश्वासाने घेणारेही.

हा दाखला कुलपाच्या बाजूचा म्हणून पुढे केला जातो. मला तो उलट वाटतो. युक्रेनमधील त्या कंपनीची संहिता बंद होती आणि तिच्या वाटेने येणाऱ्या आवृत्तीवर ग्राहकाने डोळे मिटून भरवसा ठेवायचा होता. मुक्त प्रणालीतील आवृत्ती तिच्या निर्मात्यांच्या मुद्रेनिशी येते, आणि तीच संहिता दुसऱ्याने बांधली तरी अक्षरशः तीच प्रत निघते की नाही, हे ताडून पाहण्याची पद्धतही आता रुळत आहे. कुलूप नको असे कोणी शहाणा मनुष्य म्हणत नाही. गूगलच्या पिक्सेल फोनांवर मालकाला कुलूप उघडून, दुसरी प्रणाली घालून, तिच्या मुद्रेनिशी कुलूप पुन्हा बंद करता येते, आणि ग्राफीनओएस ही सुरक्षेसाठी नावाजलेली मुक्त प्रणाली याच सोयीवर उभी आहे. यावरून तांत्रिक अडचण नसल्याचे सिद्ध होते. कुलूप दाराला असावे आणि किल्ली घरात राहणाऱ्याच्या कनवटीला, एवढीच मागणी आहे.

मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांतही या बाबतीत दोन पंथ आहेत. रेप्लिकंट ही २०१० पासूनची प्रणाली एकही बंद तुकडा आत येऊ देत नाही, आणि त्या सोवळ्यापायी पुष्कळ फोनांवर तिचे वाय-फायसुद्धा आपल्या आपण चालत नाही. लिनिएजओएस चिप बनवणाऱ्यांचे बंद तुकडे वापरते आणि फोन चालता ठेवते. आपल्याकडे एकच फोन सात-सात वर्षे पुरवून वापरणारी माणसे पाहता मी दुसऱ्या पंथाचा आहे.

हे मी नुसते वाचून लिहीत नाही. घरात एक जुना फोन होता. बनवणाऱ्या कंपनीने दोन वर्षांतच नव्या आवृत्त्या पाठवणे थांबवले होते, आणि यंत्र मात्र धडधाकट होते. बूटलोडरचे, म्हणजे फोन चालू होताना प्रणाली सुरू करणाऱ्या भागाचे, कुलूप काढण्यासाठी त्या कंपनीकडे नोंदणी करून, परवानगी मागून, नंतर आठवडाभर थांबावे लागले. माझ्याच पैशाने घेतलेल्या वस्तूसाठी माझ्याच टेबलाशी बसून मी मुदत संपण्याची वाट पाहत होतो. मग एका रविवारी केबल जोडली, मुक्त प्रणाली चढवली. काळ्या पडद्यावर, हे यंत्र आता सुरक्षित नाही, अशी इंग्रजी ताकीद उमटली, आणि पाच-सहा मिनिटांच्या घालमेलीनंतर पहिला पडदा उघडला. फोन लागला, कॅमेरा उघडला. मराठीची परीक्षा मी माझ्या पद्धतीने घेतो: ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द एकाखाली एक टंकतो. एकात विद्वान आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी, आणि भेद आहे तो केवळ रफार आणि चंद्रकोरीसारखा अर्धा र यांचा. तो अर्धा र सुरेख उमटला.

या अर्ध्या ‘र’चा इतिहासही थोडका नाही. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसत. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेची व अक्षरांच्या वळणांची निश्चिती करणारा निर्णय काढला तो ६ नोव्हेंबर २००९ रोजी. आणि अँड्रॉइडचा दर्शनी भाग मराठीत आला तो २०१४ च्या आवृत्तीत. त्याआधी याच शहराशी जोडलेल्या एनसीएसटी या संस्थेने, जी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली, लिनक्सवर भारतीय लिप्या नीट उमटाव्यात म्हणून ‘इंडिक्स’ नावाचा प्रकल्प चालवला होता. अक्षर बिघडले असता ते दुरुस्त करण्याचा अधिकार ज्या भाषेच्या माणसांना आहे, त्या भाषेला कोणाच्या दाराशी अर्ज घेऊन उभे राहावे लागत नाही. मराठीसारख्या, बाजाराच्या हिशेबात नेहमी दुसऱ्या रांगेत बसवल्या जाणाऱ्या भाषेला या अधिकाराची किंमत इंग्रजीपेक्षा अधिक आहे.

त्या जुन्या फोनवर बँकेचे ॲप मात्र उघडले नाही. कुलूप काढलेल्या यंत्रावर चालणार नाही, असा निरोप दाखवून ते मिटले. ते कोणत्या बँकेचे हे येथे गौण आहे. अनेकांचे असेच होते. मालकाने आपल्या यंत्राची किल्ली घेतली की त्याला संशयित ठरवायचे, ही रीत आता व्यवहारात मुरू लागली आहे, आणि मला खरी भीती हिची वाटते. परवान्याने दिलेली मोकळीक परवाना न मोडता अशी आवळता येते. २०११ मध्ये गूगलने अँड्रॉइड ३.० ची संहिता हातची राखून ठेवली होती आणि ४.० आल्यावर दालन उघडले. मार्च २०२५ पासून अँड्रॉइडची घडण बंद दाराआड होते आणि आवृत्ती सिद्ध झाल्यावर संहिता बाहेर येते. आपल्या स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावताना, फोन बनवणाऱ्यांना अँड्रॉइडच्या वेगळ्या शाखेवर फोन काढण्यापासून अडवू नये, असेही बजावले. मार्च २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला आणि काही निर्देश रद्द केले. या प्रकरणात तक्रार घेऊन गेले ते अँड्रॉइड फोन वापरणारे ग्राहकच होते. पण या निवाड्यांनीही फोनची किल्ली त्यांच्या हाती दिली नाही. मुदत संपलेल्या, अर्थात कंपनीने आवृत्त्या देणे थांबवलेल्या, प्रत्येक फोनची किल्ली त्याच्या धारकाच्या स्वाधीन झालीच पाहिजे, असा नियम शासनाने करावा. औषधाच्या बाटलीवर जशी तारीख छापतात, तशी प्रत्येक फोनच्या खोक्यावर ही तारीख छापावी, आणि त्या दिवशी किल्ली द्यावी. यात कोणाचे व्यापारी गुपित उघडे पडत नाही.

गेल्या पावसाळ्यात तुर्भे स्टेशनबाहेरच्या एका दुरुस्तीच्या दुकानात उभा होतो. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, एक काचेचे कपाट आणि डोळ्याला भिंग लावून बसलेला विशीतला मुलगा. साठीच्या आसपासचे एक गृहस्थ आले, डोक्यावरच्या प्लास्टिकच्या खोळीतून पाणी निथळत होते. त्यांनी कापडात गुंडाळलेला जिओफोन काढून फळीवर ठेवला. बटणांवरचे आकडे झिजून गेले होते, पण फोन चालू होता.

“ह्याच्यात नवीन काय घालता येतंय का बघा की. नातीचं व्हिडिओ येईनात.”

मुलाने फोन उलटा केला, मागचे झाकण नखाने उचकटले, सिम पाहिले, पुन्हा बसवले.

“मामा, बॅटरी पाहिजे तर नवी टाकतो. आतलं आपल्या हातात नाही.”

गृहस्थ थोडा वेळ फोनकडे पाहत राहिले. मग, बॅटरी चांगली आहे म्हणाले, आणि फोन पुन्हा त्याच कापडात गुंडाळून पावसात निघाले.